निवृत्तिवेतनाची सुरक्षितता आणि कास्तकाराची तरुण पिढी



बियाणे, खते, पीक संरक्षण व पाणी यांविषयीची माहिती या पानांतून आपणांस नेहमी मिळत असते. प्रस्तुत लेखात शेतकऱ्याच्या जमाखर्चातील अशा एका बाबीचा विचार केला आहे, की जिचा खर्च विशी-पंचविशीत सुरू करावा लागतो आणि उत्पन्न साठीनंतर मिळते. ही बाब म्हणजे म्हातारपणाची तरतूद, म्हणजेच निवृत्तिवेतन होय.

नोकरदाराला निवृत्तीची तारीख असते. कास्तकाराला ती नसते. वर्धा जिल्ह्यातील कोणत्याही गावात गेल्यास सत्तरीतील माणूस वावरात निंदण, राखण किंवा फवारणी करताना दिसतो. कामाची आवड हे त्याचे एक कारण असेल. पण दर महिन्याला हाती येणारी दुसरी रक्कम नाही, हे मोठे कारण आहे. परिणामी, कापूस-सोयाबीनच्या एकाच पिकावर आजोबा, मुलगा आणि नातू अशा तीन पिढ्या अवलंबून राहतात. पीक गेले की तिघांचेही वर्ष जाते. जुलै २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील शेतकरी आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा व वाशिम यांच्याबरोबर वर्धा जिल्हाही होता. कर्ज, बाजारभाव आणि पाऊस यांची चर्चा त्या वेळी पुष्कळ झाली. घरातील वृद्धांच्या नियमित उत्पन्नाची चर्चा मात्र फारशी झाली नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू ही उणीव थोडीफार भरून काढण्याचा आहे.

१. हा प्रश्न आजच का विचारात घ्यावा?

पूर्वी चार-पाच भाऊ मिळून आईवडिलांना सांभाळीत. आज ती परिस्थिती राहिलेली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले जन्माला येतात. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी हा आकडा २.१ च्या आसपास असावा लागतो.

आपल्या जिल्ह्याचे चित्र अधिक स्पष्ट आहे. २००१ च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख ३६ हजार होती. २०११ मध्ये ती १३ लाख झाली. म्हणजे दहा वर्षांत वाढ झाली ती सुमारे ५ टक्के. याच काळात राज्याची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली. जन्म कमी होणे आणि तरुणांनी शिक्षण व नोकरीसाठी बाहेर जाणे, ही दोन्ही कारणे यामागे आहेत. आष्टी-कारंजापासून हिंगणघाट-समुद्रपूरपर्यंत अनेक घरांत आईवडील गावात आणि मुलगा नागपूर-पुण्याला, असे चित्र दिसते.

देशपातळीवरही साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण २०११ मध्ये ८.६ टक्के होते. अधिकृत अंदाजानुसार २०२१ मध्ये ते १०.१ टक्के झाले व २०३१ मध्ये १३.१ टक्के होईल. याचा साधा अर्थ असा, की सांभाळावयाची माणसे वाढत आहेत आणि सांभाळणारे हात त्या प्रमाणात वाढत नाहीत. आज जो तरुण पंचवीस वर्षांचा आहे, तो साठीला पोहोचेल तेव्हा त्याच्यामागे कमावते हात आजच्यापेक्षाही कमी असतील. म्हणून त्याच्या निवृत्तिवेतनाची चिंता आजच करणे आवश्यक आहे.

२. निवृत्तिवेतनाचे गणित

हे गणित समजण्यासाठी सामाईक विहिरीचे उदाहरण घेऊ. विहिरीत पावसाचे पाणी मुरते, काही काळ साठून राहते आणि गरजेप्रमाणे उपसले जाते. निवृत्तिवेतनातही तीनच गोष्टी असतात: कमावत्या लोकांनी भरलेला पैसा, साठलेला निधी आणि वृद्धांना दिली जाणारी रक्कम.

जगात निवृत्तिवेतनाच्या मुख्यतः दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत साठा नसतो. यंदा जमा झालेल्या करातून यंदाच्याच वृद्धांना पैसे दिले जातात. जोपर्यंत कर भरणारे पुष्कळ आणि घेणारे थोडे, तोपर्यंत ही पद्धत उत्तम चालते. प्रमाण बदलले की ताण येतो. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येकाच्या नावाने कमावत्या वयात पैसा बाजूला पडतो, तो गुंतविला जातो आणि त्यातूनच पुढे निवृत्तिवेतन मिळते. यात पुढच्या पिढीवर ओझे कमी पडते. मात्र साठलेला पैसा महागाईने झिजण्याचा धोका असतो.

अमेरिकेचे उदाहरण येथे उपयोगी आहे. तेथे १९३५ मध्ये सामाजिक सुरक्षा कायदा झाला. १९८० च्या सुमारास निधी आटू लागला. तेव्हा १९८३ मध्ये तेथील संसदेने कमावत्यांची वर्गणी वाढविली आणि पूर्ण निवृत्तिवेतनाचे वय ६५ वरून ६७ पर्यंत नेले. वयातील ही वाढ एकदम न करता काही दशकांत हळूहळू केली, त्यामुळे लोकांना तयारीला वेळ मिळाला. पुढे मात्र अशी दुरुस्ती लांबणीवर पडली. तेथील विश्वस्तांच्या २०२५ च्या अहवालानुसार, काहीच न केल्यास वृद्धांसाठीच्या निधीतील शिल्लक २०३३ मध्ये संपेल आणि त्यानंतर जमा होणाऱ्या करातून ठरलेल्या रकमेच्या सुमारे तीन-चतुर्थांशच रक्कम देता येईल. विहिरीतील गाळ दरवर्षी थोडा थोडा काढला तर काम सोपे. विहीर आटल्यावर खोदकाम काढले तर खर्च कितीतरी पट. निवृत्तिवेतनाचेही असेच आहे.

३. सुरक्षित निवृत्तिवेतनाच्या तीन कसोट्या

कोणतीही योजना आपल्यासमोर आली, की ती पुढील तीन कसोट्यांवर घासून पाहावी.

(१) देण्याचे वचन दिले, त्यासाठी पैसा आधीच बाजूला पडतो काय?
(२) महागाई वाढली की निवृत्तिवेतन वाढते काय?
(३) आजच्या तरुणाला त्या योजनेत प्रवेश मिळतो काय?

पहिली कसोटी पुढच्या पिढीवरील ओझ्याची आहे, दुसरी वृद्धाच्या पोटाची आहे आणि तिसरी न्यायाची आहे. तिन्हींपैकी एक जरी कच्ची असली तरी योजना लंगडी पडते.

४. सरकारी नोकरदारांच्या वादातून काय शिकावे?

महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर शासकीय सेवेत लागलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू नाही. प्रस्तुत लेखकही या तारखेनंतर नोकरीला लागलेल्यांपैकीच आहे. जुन्या योजनेत कर्मचाऱ्याला वर्गणी भरावी लागत नसे. निवृत्तीनंतर अखेरच्या पगाराच्या साधारण निम्मे वेतन आणि त्यावर महागाई भत्ता मिळे. हा सर्व खर्च त्या त्या वर्षीच्या सरकारी तिजोरीतून होतो. नव्या योजनेत कर्मचाऱ्याच्या पगारातून १० टक्के रक्कम कापली जाते, सरकार आपला वाटा घालते आणि निधी बाजारात गुंतविला जातो. साठीला किती मिळेल याची हमी मात्र राहिली नाही.

आपल्या कसोट्या लावल्या तर जुनी योजना दुसऱ्या कसोटीला उतरते, पहिलीला उतरत नाही. नवी योजना पहिलीला उतरते, दुसरीला उतरत नाही. एकाच कार्यालयात, एकाच कामासाठी, केवळ रुजू होण्याच्या तारखेवरून दोन माणसांचे म्हातारपण वेगळे ठरते. ही खंत खरी आहे. याच मागणीसाठी १४ मार्च २०२३ पासून राज्यातील कर्मचारी संपावर गेले होते. २० मार्चला संप मागे घेण्यात आला. दुसऱ्या बाजूने, रिझर्व्ह बँकेच्या डिसेंबर २०२३ च्या राज्य वित्तविषयक अहवालात इशारा दिला आहे, की सर्व राज्ये जुन्या योजनेकडे परतल्यास एकूण भार नव्या योजनेच्या ४.५ पटीपर्यंत जाऊ शकतो. हा भार आज शाळेत असलेल्या मुलांना उचलावा लागेल, आणि त्यांत कास्तकारांचीही मुले असतील.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने मधला मार्ग म्हणून एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली. ती १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. यात कर्मचाऱ्याची १० टक्के वर्गणी चालू राहते, सरकारचा वाटा १८.५ टक्के होतो आणि २५ वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के निवृत्तिवेतनाची हमी मिळते, शिवाय महागाईची भरपाई. महाराष्ट्र मंत्रिमंडळानेही ऑगस्ट २०२४ मध्येच अशी योजना राज्यात स्वीकारण्याचा निर्णय घेतला.

या वादातून शेतकऱ्यांनी एक गोष्ट घ्यावी. वर्गणी आणि हमी या दोन्ही एकत्र नांदू शकतात. त्यासाठी वर्गणी खरोखर भरली गेली पाहिजे आणि हमीची किंमत आधीच मोजली गेली पाहिजे. नोकरदारांना संघटनेमुळे हे मिळू शकले. शेतकऱ्यांची संख्या कितीतरी मोठी असूनही त्यांच्या निवृत्तिवेतनावर असा वाद झडत नाही.

५. शेतकऱ्यांसाठी उपलब्ध असलेल्या योजना

(अ) श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना

ही राज्य शासनाची योजना ६५ वर्षे व त्यावरील निराधार वृद्धांसाठी आहे. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव किंवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांपर्यंत असावे लागते. पूर्वी ६०० रुपये असलेली मासिक रक्कम २०१९ मध्ये १,००० आणि जुलै २०२३ पासून १,५०० रुपये झाली. अर्ज तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना विभागात करावा लागतो.

या योजनेत वर्गणी नाही व साठाही नाही. दरवर्षीच्या अंदाजपत्रकातून पैसे येतात. रक्कम आपोआप वाढत नाही, शासनाने ठरविले तरच वाढते. केंद्राच्या वाट्याचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन सुरू झाले तेव्हा केंद्र दरमहा ७५ रुपये देत असे. पुढे २००६-०७ मध्ये ते २०० रुपये झाले. त्यानंतर दीड दशक उलटून गेले तरी ६० ते ७९ वयोगटासाठी केंद्राचा वाटा २०० रुपयेच राहिला. या काळात तेल, डाळ आणि औषधे यांचे भाव कोठे गेले, हे आपणांस सांगावयास नको. दुसऱ्या कसोटीचे महत्त्व यावरून ध्यानात येते.

(आ) प्रधानमंत्री किसान मानधन योजना

२०१९ मध्ये सुरू झालेली ही योजना २ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या, १८ ते ४० वयाच्या शेतकऱ्यांसाठी आहे. शेतकरी जेवढा हप्ता भरतो, तेवढीच रक्कम केंद्र सरकार त्याच्या नावाने भरते. साठीनंतर दरमहा ३,००० रुपये मिळतात. निधीचे व्यवस्थापन भारतीय आयुर्विमा महामंडळाकडे आहे. प्रवेशाच्या वेळच्या वयानुसार मासिक हप्ता असा आहे:

वय १८ वर्षे : ५५ रुपये
वय २५ वर्षे : ८० रुपये
वय ३० वर्षे : १०५ रुपये
वय ३५ वर्षे : १५० रुपये
वय ४० वर्षे : २०० रुपये

पंचविसाव्या वर्षी सुरुवात करणारा शेतकरी ३५ वर्षांत एकूण ३३,६०० रुपये भरतो. साठीनंतर पहिल्याच वर्षी त्याला ३६,००० रुपये मिळतात. पती-पत्नी दोघेही पात्र असल्यास स्वतंत्र वर्गणी भरून दोघांनाही सहभागी होता येते. निवृत्तिवेतन सुरू झाल्यावर शेतकऱ्याचा मृत्यू झाल्यास पती किंवा पत्नीला निम्मे म्हणजे १,५०० रुपये मिळतात. साठीपूर्वी मृत्यू झाल्यास पती किंवा पत्नीला हप्ते पुढे चालू ठेवता येतात. दहा वर्षांच्या आत बाहेर पडल्यास स्वतःची वर्गणी बचत खात्याच्या दराने व्याजासह परत मिळते, सरकारचा वाटा मिळत नाही. म्हणून मध्येच सोडणे तोट्याचे ठरते.

ही योजना पहिल्या कसोटीला चांगली उतरते. दुसऱ्या कसोटीला मात्र उतरत नाही. महागाई दरसाल ५ टक्के धरली, तर ३५ वर्षांनंतरच्या ३,००० रुपयांत आजच्या सुमारे ५४० रुपयांचाच माल येईल. तिसऱ्या कसोटीतही मोठी अडचण आहे. लाभार्थ्याचे नाव १ ऑगस्ट २०१९ रोजी भूमी अभिलेखात असावे, अशी अट आहे. आज जो मुलगा विशीत आहे, तो त्या दिवशी शाळेत होता आणि सातबारा वडिलांच्या नावावर होता. ज्याचा हप्ता सर्वांत स्वस्त आहे, त्याच तरुणासाठी दार अरुंद झाले आहे. योजना सुरू करताना पहिल्या तीन वर्षांत ५ कोटी शेतकऱ्यांचे उद्दिष्ट होते. २०२४ पर्यंत सुमारे २३ लाखच शेतकरी सहभागी झाले.

(इ) अटल पेन्शन योजना

मे २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेला जमिनीची अट नाही. १८ ते ४० वयाचा, बँक किंवा पोस्टात बचत खाते असलेला कोणीही भारतीय नागरिक सहभागी होऊ शकतो; मात्र १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्यांना प्रवेश नाही. ज्यांच्या नावावर सातबारा नाही अशी तरुण मुले, सुना, भूमिहीन मजूर व सालगडी या सर्वांसाठी ही योजना उपयुक्त आहे. साठीनंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपये यांपैकी आपण निवडलेली रक्कम मिळते. दरमहा ५,००० रुपये मिळण्यासाठीचा हप्ता पुढीलप्रमाणे आहे:

वय १८ वर्षे : २१० रुपये
वय २० वर्षे : २४८ रुपये
वय २५ वर्षे : ३७६ रुपये
वय ३० वर्षे : ५७७ रुपये
वय ३५ वर्षे : ९०२ रुपये
वय ४० वर्षे : १,४५४ रुपये

विसाव्या वर्षी सुरुवात करणारा चाळीस वर्षांत सुमारे १ लाख १९ हजार रुपये भरतो. चाळिसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला त्याच निवृत्तिवेतनासाठी वीस वर्षांत सुमारे ३ लाख ४९ हजार भरावे लागतात. पेरणीला उशीर झाला की उत्पादन घटते, हे आपण जाणताच. येथे उशिराचा खर्च जवळजवळ तिप्पट आहे.

सभासदाच्या मृत्यूनंतर पती किंवा पत्नीला तेवढेच निवृत्तिवेतन चालू राहते आणि दोघांच्याही पश्चात वारसाला साठलेली रक्कम मिळते. ५,००० रुपयांच्या पर्यायात ती सुमारे साडेआठ लाख रुपये आहे. महागाईनुसार वाढ याही योजनेत नाही. म्हणून शक्य असल्यास वरची रक्कम निवडावी.

६. हप्ता कोठून काढावा?

शेतीत पैसा दरमहा येत नाही, तो हंगामात येतो. ही गोष्ट लक्षात घेऊन दोन्ही योजनांत मासिक हप्त्याखेरीज सहामाही हप्त्याचीही सोय ठेवली आहे. किसान मानधन योजनेत चार महिन्यांचा हप्ताही निवडता येतो व तो किसान सन्मान निधीच्या २,००० रुपयांच्या हप्त्यातून परस्पर वळता करता येतो.

पिकाच्या भाषेत हिशेब करू. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. या भावाने, पंचवीस वर्षांच्या शेतकऱ्याचा किसान मानधन योजनेचा वर्षाचा ९६० रुपयांचा हप्ता म्हणजे १८ किलो सोयाबीन. अटल पेन्शनचा ४,५१२ रुपयांचा वार्षिक हप्ता म्हणजे सुमारे ८५ किलो, म्हणजे एक क्विंटलहून कमीच. बाजारभाव हमीभावाखाली गेला तर एक क्विंटल धरावे. तुरीचा हमीभाव त्याच वर्षी ८,००० रुपये आहे. कपाशीतील तुरीच्या ओळींतून ५६-५७ किलो तूर बाजूला काढली तरी तेवढेच पैसे होतात.

आमची शिफारस अशी आहे, की खरिपाचा माल विकल्यावर चुकारा हाती येताच, कृषी केंद्राची उधारी फेडण्याच्या दिवशीच, सहामाही हप्त्याएवढी रक्कम योजनेशी जोडलेल्या खात्यात ठेवावी. हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो. खात्यात शिल्लक नसल्यास दंड लागतो. दुष्काळी वर्षासाठी म्हणून एका हप्त्याएवढी रक्कम खात्यात कायम शिल्लक राहील असे पाहावे.

७. बचत सुरक्षित ठिकाणीच ठेवावी

निवृत्तिवेतनाखेरीज अनेक शेतकरी म्हातारपणासाठी ठेवी ठेवतात. येथे आपल्या जिल्ह्याचा अनुभव विसरता कामा नये. वर्धा, नागपूर व बुलडाणा या तीन जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका रिझर्व्ह बँकेचा परवाना मिळविण्याइतक्या सक्षम राहिल्या नव्हत्या. त्या काळात ठेवीदारांना स्वतःच्याच ठेवी हव्या तेव्हा काढता येईनात. शेवटी नोव्हेंबर २०१४ मध्ये देशातील अशा २३ बँकांच्या पुनरुज्जीवनासाठी केंद्र, राज्ये व नाबार्ड यांनी मिळून २,३७५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तीत या तीन बँकांचा समावेश होता. म्हणजे वसुली थकली एका पिढीची आणि भरपाई झाली सर्व करदात्यांच्या पैशातून.

यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बँकेतील ठेवींना विमा संरक्षण असते. ते १९९३ पासून १ लाख रुपये होते, ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपये झाले. हे संरक्षण प्रत्येक बँकेतील प्रत्येक ठेवीदाराला मिळते. पतसंस्थांतील ठेवींना हा विमा लागू नाही. जादा व्याजाच्या मोहाने म्हातारपणाची सर्व पुंजी एकाच पतसंस्थेत किंवा खाजगी भिशीत गुंतवू नये.

८. नोंदणी करताना घ्यावयाची दक्षता

(१) आधार कार्ड, बँक पासबुक व सातबारा यांवरील नाव आणि जन्मतारीख सारखी आहे याची खात्री करावी. आडनाव, वडिलांचे नाव किंवा जन्मवर्ष यांतील फरकामुळे साठीनंतर पैसे अडकतात. ही दुरुस्ती तरुणपणीच करून घ्यावी.
(२) किसान मानधन योजनेची नोंदणी गावाजवळील सीएससी केंद्रात, तर अटल पेन्शनची नोंदणी बचत खाते असलेल्या बँकेत किंवा पोस्टात करावी.
(३) वारसाचे नाव अवश्य नोंदवावे व घरात सर्वांना सांगून ठेवावे. योजनेची माहिती केवळ घरधन्याला असेल, तर त्याच्या पश्चात पत्नीला काहीच मिळवता येत नाही.
(४) पेन्शन खाते क्रमांक असलेले कार्ड किंवा पावती सातबाराच्या फाइलीत जपून ठेवावी. मोबाईल क्रमांक बदलल्यास बँकेत कळवावे.
(५) शक्य असल्यास सातबारावर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावावे. तिच्या अनेक हक्कांची सुरुवात त्या एका ओळीपासून होते.
(६) मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली, की त्यांच्या नावाचे बचत खाते व अटल पेन्शनचा लहानसा हप्ता सुरू करून द्यावा. दरमहा १,००० रुपयांच्या पर्यायाचा हप्ता अठराव्या वर्षी केवळ ४२ रुपये आहे.

९. ग्रामसभेत मांडावयाचे मुद्दे

घरातील हप्ता भरला म्हणजे आपले काम संपले असे नाही. सार्वजनिक विहिरीची डागडुजी जशी सर्वांनी मिळून करावयाची असते, तशीच सार्वजनिक निवृत्तिवेतनाचीही. ग्रामसभेत ठराव करून पुढील मागण्या तहसीलदार व लोकप्रतिनिधींकडे पाठवाव्यात:

(१) किसान मानधन योजनेतील १ ऑगस्ट २०१९ ची अट पुढे आणावी, म्हणजे आज अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलांनाही प्रवेश मिळेल.
(२) शेतकऱ्याचे निवृत्तिवेतन नोकरदाराप्रमाणे महागाई निर्देशांकाशी जोडावे. त्यासाठी हप्ता थोडा वाढवावा लागला तरी तो वाढवून घेण्याची आपली तयारी असावी. वर्गणी न वाढविता वाढीव रक्कम मागणे म्हणजे आपल्याच नातवंडांच्या नावावर उचल घेणे होय.
(३) श्रावणबाळ योजनेची २१ हजार रुपयांची उत्पन्नमर्यादा वाढवावी. महिन्याला ती जेमतेम १,७५० रुपये होते. इतक्या उत्पन्नात आजच्या काळात कोणाचेही घर चालत नाही.
(४) गावातील किती जण कोणत्या योजनेत आहेत, किती अर्ज नामंजूर झाले व का, याची यादी दरवर्षी ग्रामसभेत वाचून दाखवावी.

सारांश

निवृत्तिवेतन सुरक्षित राहते ते केवळ कायद्यातील वचनामुळे नव्हे. प्रत्येक पिढीने आपल्या कमावत्या वयात आपला वाटा भरला, तो योग्य ठिकाणी साठला आणि महागाईप्रमाणे त्याची किंमत राखली गेली, तरच ते टिकते. घरातील १८ ते ४० वयाच्या प्रत्येकाने या खरिपाचा चुकारा हाती येण्यापूर्वीच आपल्याला लागू पडणारी योजना निवडून नोंदणी करावी. साठी ओलांडलेल्यांनी ६५ पूर्ण होताच श्रावणबाळ योजनेची पात्रता तपासावी. आणि सर्वांनी मिळून वरील मागण्यांचा ठराव येत्या ग्रामसभेत मांडावा.

तहान लागल्यावर विहीर खणणारा शेतकरी आपल्याकडे शहाणा समजला जात नाही. म्हातारपणाच्या बाबतीतही हाच शहाणपणा आपण दाखवाल आणि पुढच्या पिढीच्या हाती देणे न ठेवता पाण्याने भरलेली विहीर ठेवाल, अशी अपेक्षा आहे.